परतीचे तिकीट

‘गिरमिट’ म्हटले की आमच्या पांढुर्ण्यात आधी आठवतो तो सुतार. लाकडाला भोक पाडायचे त्याचे हत्यार ते गिरमिट. मूठ धरून पिरगाळत राहायचे. इंग्रजीतल्या ‘गिमलेट’ची ही मराठी मोड. पण आमचे गाव दोन भाषांचे. शेजारच्या हिंदी वर्गात हाच शब्द निघाला तर त्याचा अर्थ निराळा. तो ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश. करारावर अंगठा उठवून समुद्रापलीकडे ऊस तोडायला गेला तो ‘गिरमिटिया’. दोन वेगळे इंग्रजी शब्द आमच्या अडाणी माणसांच्या तोंडी पडले आणि एक होऊन बसले. दोहोंतही पीळ आहे, एवढे साम्य मात्र खरे.

पंचवीस-तीस वर्षे इतिहास शिकवताना एक गोष्ट ध्यानात आली. हिंदी घरातल्या मुलांना गिरमिटियांची गोष्ट थोडीफार ठाऊक असते. ती छपरा, आरा, बस्ती, गोरखपूर इकडची म्हणून सांगितली जाते. मराठी घरातल्या मुलांना वाटते, हे आपल्यातले नव्हे. आपली माणसे फार तर नागपूरच्या एम्प्रेस मिलपर्यंत गेली. हा समज चुकीचा आहे. कलकत्ता आणि मद्रास यांच्या जोडीने मुंबई बंदरातूनही मजुरांची जहाजे सुटत होती आणि त्यांत रत्नागिरीची, सावंतवाडीची, घाटावरची मराठी माणसे होती. त्या माणसांचे पुढे काय झाले, विशेषतः त्यांच्या म्हातारपणी काय झाले, याविषयी मला लिहायचे आहे. तरुण मजुराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. त्याच्याकडून काम घ्यायचे होते म्हणून त्याची नोंदही भरपूर राहिली. म्हातारा झालेला मजूर मात्र कागदावर फार थोडा सापडतो. त्याला परत जायचे असते, आणि परत जाण्याची किंमत कोणीतरी द्यायची असते.

मूळ कथा थोडक्यात सांगतो. १८३३ साली इंग्रजांच्या पार्लमेंटाने वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. गुलाम मोकळे झाले, उसाचे मळे तसेच राहिले. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागले. तो दिवस मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुटीचा आहे. पुढे बंदरावर मजुरांचा डेपो झाला. धक्क्यावरून वर जायच्या सोळा दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत. त्या घाटाला पूर्वी कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. मधल्या काळात फसवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला ही वाहतूक काही वर्षे बंद ठेवावी लागली. १८४२ साली ती पुन्हा खुली झाली तेव्हा मुंबई बंदराचाही त्यात समावेश झाला. १८३४ पासून १९१० पर्यंत मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे उतरली. त्यांतली साधारण एक तृतीयांश परत आली. मुंबईचा वाटा कलकत्ता-मद्रासच्या मानाने लहान, आणि तो मुख्यतः त्या शतकाच्या मध्यावरचा.

करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि अंगावरचे कापड. आकडा ऐकून त्या काळच्या मानाने बरा वाटतो. पण त्या करारात एक मेख होती. एक दिवस खाडा झाला तर पगार दोन दिवसांचा कापायचा. मजूर त्याला ‘डबल कट’ म्हणत आणि तो शब्द त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचला. पावसाळ्यात ताप आला, पंधरा दिवस पडून राहिला, की महिन्याच्या शेवटी मजूरच मालकाचे देणे लागे.

सुरुवातीच्या करारांत आणखी एक कलम होते, आणि माझ्या मते साऱ्या व्यवहारातले तेवढेच एक माणुसकीचे कलम. पाच वर्षे भरली की मालकाच्या किंवा सरकारच्या खर्चाने परतीचा प्रवास. कोकणातला एखादा तरुण आईला सांगून निघाला असेल तर तो याच शब्दावर निघाला असेल. पाच वर्षे काय, बघता बघता जातील. लग्न झालेला असेल तर बायकोलाही हेच सांगितले असेल. १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत हे कलमच नव्या मजुरांच्या करारातून काढून टाकले. कारण उघड होते. शिकलेला, हवेला सरावलेला मजूर परत पाठवायचा आणि नवा आणायचा, हा मळेवाल्यांना दुहेरी खर्च वाटत होता. परतीची बंदी कोणी घातली नाही. फक्त भाडे ज्याचे त्याने भरावे, एवढेच ठरले. कायद्याची भाषा अशीच सभ्य असते. डबल कटातून जे उरेल त्यातून जहाजाचे भाडे किती जणांना साठवता आले असेल, याचा हिशेब आमच्या आठवीतल्या मुलांनाही करता येईल.

करार संपलेल्या, पण परत न गेलेल्या मजुराला मॉरिशसच्या सरकारी कागदात एक नाव होते – ‘ओल्ड इमिग्रंट’, म्हणजे जुना आलेला. वयाने म्हातारा असेच नाही, पण पुष्कळदा तोही. हा माणूस कायद्याने मोकळा. त्याने भाजीचा मळा करावा, कोंबड्या पाळाव्यात, फेरीचा धंदा करावा. मालकांना हेच खुपत होते. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली, हजारोंनी माणसे मेली, मजुरांची टंचाई झाली. त्याच धामधुमीत, १८६७ साली, नवा मजूर कायदा आला. प्रत्येक जुन्या मजुराने तिकीट बाळगायचे. त्यावर त्याचा फोटो, त्याचा नंबर. दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर वेगळा पास. पोलिसाने रस्त्यात अडवले आणि तिकीट घरी राहिले असेल तर तो भटक्या ठरला. भटक्या ठरला की तुरुंग. तिकीट हरवले तर नवे काढायला जबर रक्कम. ज्या माणसाला परतीचे तिकीट नाकारले त्याच्या गळ्यात हे दुसरे तिकीट आले.

हे फोटो आजही आहेत. मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत ही सारी दप्तरे जपून ठेवली आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत त्यांची नोंद केली. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच बसलेली माणसे आहेत ती. कोणाच्या डोक्याला मुंडासे, कोणाच्या अंगावर मळ्यातली बंडी. भिंगाकडे रोखून बघणारे डोळे. आपल्या जुन्या घरांतून आजोबांचा एखादा फोटो भिंतीवर असतो ना, तोच चेहरा. खाली नावाऐवजी आकडा, एवढाच फरक.

याच जुन्या मजुरांनी १८७१ साली एक मोठी गोष्ट केली. आडोल्फ द प्लेविट्झ नावाचा एक युरोपीय गृहस्थ बेटावर राहत होता. त्याच्या मदतीने त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज दिला. त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. तिकीट, पास, फोटो, पोलिसांची धरपकड, सगळे त्यात आले. मळेवाल्यांनी द प्लेविट्झला रस्त्यात मारहाण करण्यापर्यंत मजल मारली. पण चौकशी झाली. विलायतेहून रॉयल कमिशन आले आणि १८७५ साली त्याचा अहवाल निघून मजुरांच्या बऱ्याचशा तक्रारी खऱ्या ठरल्या. साडेनऊ हजार निरक्षर माणसांनी सनदशीर मार्गाने केलेली ही मागणी आहे. काँग्रेसचा जन्म त्यानंतर चौदा वर्षांनी झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या अर्जाला एक ओळ मिळायला काय हरकत होती, हे मला कळलेले नाही.

कायद्याचे झाले. पण माणूस घरी न परतण्याला कायद्याखेरीज दुसरेही एक कारण होते आणि त्याचा विचार करू लागले की मन जड होते. जहाजात बायका थोड्या असत. पुढे पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियम झाला. त्यावरूनच आधीची स्थिती समजावी. गावी लग्नाची बायको ठेवून आलेला माणूस पाचाची दहा वर्षे झाली की तिथेच संसार थाटी. मुले होत. ती क्रिओल बोलत मोठी होत. मग पंचावन्न-साठीला, हात चालेनासे झाल्यावर, गावाची ओढ लागे. गावी आई असेल नसेल, भाऊ असेल, पहिली बायको, जी सवाष्ण म्हणून जगते आहे की विधवा म्हणून, हेही ठाऊक नाही. आणि इकडे हाताशी आलेली मुले. जावे तर एक घर मोडते, राहावे तर दुसरे कधीचेच मोडलेले. एकाच माणसाच्या दोन्ही हातांना दोन घरे ओढत आहेत, अशी ही अवस्था. यात त्याला दोषी ठरवणे सोपे आहे. तिकडे गावी वाट बघत राहिलेल्या बाईच्या बाजूने पाहिले तर ठरवावेसेही वाटते. तिचा फोटो कोणी काढला नाही.

तिच्या बाजूचे काही कागद मात्र उरले. हिंदुस्थानातून बापाने, भावाने, बायकोने लिहवून घेतलेले अर्ज मॉरिशसच्या अधिकाऱ्याकडे पोचत: अमक्या साली अमक्या जहाजाने गेलेला आमचा माणूस जिवंत आहे काय? पूर्वी आमच्याकडेही मजूर-बाया शाळेत मास्तरांकडे पत्र लिहून घ्यायला येत. कार्ड एक, मजकूर ठरलेला. ‘इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी’. मग थांबून हळूच विचारायच्या, ‘केव्हा येणार तेबी लिहा न, गुरुजी.’ मी अशी शेकडो कार्डे लिहिली असतील. त्या अर्जांविषयी वाचताना ती आठवतात.

एका जहाजातून आलेले ते ‘जहाजी भाई’. कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे डेकवरच बरेचसे पुसले गेले. हे नाते सख्ख्या भावासारखे पाळत. जहाजी भावांच्या मुलामुलींची आपसांत सोयरीक करणेही गैर मानत. ज्याला घरचे कोणी उरले नाही त्याला शेवटी खांदा दिला तो जहाजी भावाने.

इथे एका माणसाचा धागा पकडून आपल्याला पुढे जायचे आहे. १८७१ सालचा तो अर्ज ज्याच्या हाती पडला तो मॉरिशसचा गव्हर्नर म्हणजे सर आर्थर गॉर्डन. मजुरांविषयी त्याला सहानुभूती होती. पुढे १८७५ साली तो प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांचा गव्हर्नर झाला. आणि तिथल्या मूळ रहिवाशांना उसाच्या मळ्यांवर राबवू नये म्हणून त्यानेच हिंदी मजूर आणण्याची व्यवस्था सुरू केली. एकाची दया दुसऱ्याच्या मानेवर बसते ती अशी. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ जहाज साडेचारशेच्या वर मजूर घेऊन तिथे पोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे गेली. पाच वर्षे गिरमिट. ते संपल्यावर परत जायचे तर स्वतःच्या पैशाने, आणि सरकारी खर्चाने जायचे तर एकूण दहा वर्षे भरली पाहिजेत. राहायला ‘लाइनी’, दहा फूट बाय सात फुटांच्या खोलीत तीन पुरुष. रोज एक शिलिंग, बाईला नऊ पेनी. ठरलेले काम पुरे झाले तरच.

आणि फिजीच्या पासांवर आपला मध्य प्रांत येतो. या प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ सोसले. दुसरा तो लोकांच्या तोंडी ‘छप्पनचा’, कारण विक्रम संवत १९५६. १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. त्याच सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर ते हावडा असा सरळ रस्ता झाला. भूक आणि आगगाडी एकाच वेळी आली म्हणजे अरकाट्यांचे, म्हणजे भरती करणाऱ्या दलालांचे, फावते. काही माणसे फिजीकडे गेली. त्याहून कितीतरी अधिक आसामच्या चहाच्या मळ्यांवर. तिथे समुद्र ओलांडायचा नव्हता, तरी काम सोडून पळाले तर पकडून आणण्याचा कायदा होताच. आसामात चहाच्या मळ्यांवर आज गोंड वस्त्या आहेत, त्या सातपुड्याच्या आणि छत्तीसगडच्या या मुलखातून गेलेल्यांच्या.

(फिजीच्या पलीकडे, आग्नेयेला टोंगा. तिथे राजा होता, गिरमिट पोचले नाही. पण काळाची गंमत बघा: २००७ पासून न्यूझीलंडने बागांच्या हंगामी कामासाठी बाहेरून माणसे आणायची योजना काढली आणि टोंगाची माणसे सफरचंदे आणि किवीची फळे तोडायला तिकडे जाऊ लागली. हंगाम संपला की परत. कायमची गेलेली तर ऑकलंडात, सिडनीत, अमेरिकेत म्हातारी होत आहेत आणि घरी पैसे पाठवत आहेत. संत्रा तोडणाऱ्या मुलखातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये.)

फिजीत एकवीस वर्षे काढून १९१४ साली परत आलेल्या तोताराम सनाढ्य यांच्या हिंदी पुस्तकाने उत्तर हिंदुस्थान हलवून सोडला. पण कायदेमंडळात हा प्रश्न आधी लावून धरला तो एका मराठी माणसाने. गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे, म्हणजे मॉरिशसला माणसे गेली त्याच मुलखातले. नाताळची तऱ्हा मॉरिशसच्या उलट. तिथे मजूर हवा होता, पण गिरमिट संपलेला हिंदी माणूस शेजारी नको होता. म्हणून १८९५ साली कायदा केला की करार संपल्यावर राहायचे असेल तर वर्षाला तीन पौंड कर भरा, नाहीतर पुन्हा करार करा, नाहीतर चालते व्हा. एका बेटावर जायला पैसे लागत होते, दुसऱ्या मुलखात राहायला. गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मानला गेला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सगळीच गिरमिट पद्धत बंद करावी असा ठराव आणला. तो सरकारी मतांच्या जोरावर पडला. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले; पुढच्याच वर्षी मदनमोहन मालवीयांचा तसाच ठराव सरकारने स्वीकारला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतली उरलेली गिरमिटे रद्द झाली.

आता परत येणे सोपे झाले असे कोणालाही वाटेल. मलाही या इतिहासाचा शेवट इथेच करायला आवडले असते. पण परत आलेल्यांचे काय झाले ते पाहिले पाहिजे.

कलकत्त्याला हुगळीच्या काठी मटियाबुर्ज म्हणून वस्ती आहे. अवधचे राज्य गेल्यावर नबाब वाजिद अली शाह इथेच येऊन राहिला आणि १८८७ साली इथेच वारला. १९२० नंतरच्या दशकात याच मटियाबुर्जात फिजी, त्रिनिदाद, गियाना इथून परतलेली शेकडो माणसे झोपड्यांत राहत होती. घरी गेली नव्हती असे नाही. पुष्कळजण गावी जाऊन आले होते. साठवलेले पैसे होते तोवर गावाने ठेवून घेतले. मग काळे पाणी ओलांडले म्हणून जातगंगेने प्रायश्चित्ताचे जेवण मागितले. ते दिले तरी पंगतीत बसू दिले नाही. तिकडे झालेली बायको कोणत्या जातीची, तिच्या मुलांना मुली कोण देणार, हे प्रश्न निघाले. भावकीने शेतातला वाटा आधीच पचवला होता. मुलांना गावची बोली धड येत नव्हती, हवा सोसत नव्हती. तीस वर्षे जे गाव डोळ्यांसमोर धरून माणूस ऊस तोडत होता, ते गाव त्याला दारात उभे करीना. मग ती माणसे पुन्हा कलकत्त्याला आली, जिथून जहाज सुटते त्या जागेच्या जवळात जवळ, आणि जो अधिकारी दिसेल त्याच्याकडे एकच मागणे करू लागली: आम्हाला परत पाठवा. परत म्हणजे फिजीला. काहींना १९२१ साली ‘गँजेस’ जहाजाने तसे पाठवलेही. दीनबंधू अँड्र्यूज यांनी या लोकांसाठी खटपट केली. पुढे १९३१ साली भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी परत आलेल्यांच्या हालांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा सूर असा की यांना तिकडून आणखी आणू नका.

इतिहासाच्या पुस्तकात इंग्रज मळेवाला खलपुरुष म्हणून शोभतो आणि तो होताही. पण मटियाबुर्ज इंग्रजांनी एकट्याने वसवले नाही. त्यात आपल्या गावांचा, आपल्या भावक्यांचा आणि आपल्या पंगतींचा हात आहे.

मॉरिशसला राहिलेल्या मराठी माणसांची गोष्ट त्या मानाने बरी. त्यांचे गाव गेले. नावेही पुरी उरली नाहीत. कारकुनाने बापाचे नाव पुढे लिहिले तेच आडनाव झाले, म्हणून तिकडच्या मराठी घरांत आपल्याकडे नावे असतात ती आडनावे म्हणून आढळतात. घरातली बोली क्रिओल झाली. पण गणपती राहिला. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुटी आहे आणि मूर्तींचे विसर्जन समुद्रात, नद्यांत होते. कोकणातल्या जाखडीची ‘झाकरी’ झाली. ढोलकीवर गोल धरून नाचतात. लग्नकार्यात गोंधळ होतो. सरकारी शाळांत मराठी हा विषय शिकवतात. म्हातारे जे परत नेऊ शकले नाहीत ते त्यांनी असे जागेवरच मांडून ठेवले. तिथले मराठी शुद्ध आहे की नाही याची चिकित्सा आपल्याकडचे पाहुणे करतात, तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते. आमच्या मराठीलाही पुण्याकडचे पाहुणे असेच काही म्हणतात.

आमचे म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याचे. आम्ही कुठे गेलो नाही. सिलेवानीचा घाट उतरला की खालचा हा मुलूख जुन्या कागदांत ‘झेरघाट’. घाटावर छिंदवाडा, घाटाखाली आम्ही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य असताना इथेच होतो, मध्य प्रांतात इथेच होतो, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हाही इथेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. माणूस न हलता सीमा हलली. घरात मराठी, कचेरीत हिंदी. याचे दुःख करणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, एखाददुसरे केलेही आहे. मटियाबुर्जाविषयी वाचल्यापासून ते भाषण करवत नाही.

कारण इथेही परगावचे मजूर आहेत. तामिया, हर्रईकडून घाट उतरून गोंड कुटुंबे कापूस वेचायला, संत्रा तोडायला येतात. काही येतात ती राहूनच जातात. सौंसरकडच्या एका बगीच्यात असा एक म्हातारा राखणीला आहे. पंचविशीत सालदार म्हणून आला. साल धरायचे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, अंगठा नाही, कागद नाही, शब्दावर. अशी साले होत होत जन्म गेला. त्याचे गाव इथून शंभर किलोमीटरही नसेल. सकाळच्या बसने निघाला तर दुपारी पोचेल. मी एकदा विचारले, जात का नाही? तो खाटेवरून न उठता म्हणाला, ‘जाऊ कोनाच्या घरी, मास्तर? माय गेली तवा निरोप आठ दिवसानं आला.’ मग बराच वेळ त्याच्या गावच्या नाल्याविषयी, मोहाच्या झाडांविषयी बोलत राहिला. कोणत्या झाडाखाली फुले आधी पडतात तेही त्याला आठवत होते. तो गोंडी आता कोणाशी बोलतो, हे विचारायचे माझ्या मनात होते, विचारले नाही. त्याचा मुलगा नागपूरला इमारतीच्या कामावर आहे. नातू आमच्या शाळेत होता, तोही तिकडे गेला.

शाळेत मुलाचे नाव दाखल-खारिज रजिस्टरात चढते. नाव, बापाचे नाव, जात, गाव, तहसील, जिल्हा. गिरमिटियांच्या पासावर जवळपास हेच रकाने होते: नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, अंगावरची खूण. आज मॉरिशसहून, फिजीहून कोणाचे पणतू आपले मूळ शोधत येतात ते या रकान्यांच्या आधारावर. गोऱ्या किंवा बंगाली कारकुनाने ऐकले तसे गावाचे नाव लिहिलेले; त्या नावाची तीन-तीन गावे निघतात, किंवा एकही निघत नाही. आमच्याच रजिस्टरात बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. म्हणजे धाकट्याच्या दाखल्यावर जिल्हा पांढुर्णा, थोरल्याच्या दाखल्यावर छिंदवाडा, एकाच घरात.

शेवटी एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. सरकारी हिंदीत एक शब्द ठरलेला आहे, ‘पलायन’. मजुरीसाठी आईबापांबरोबर गेलेल्या मुलाला तो लावतात. मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ पळून जाणे असा लागतो, आणि ते मूल काही पळून गेलेले नसते. त्या म्हाताऱ्याच्या नातवाच्या नावापुढे मी ‘पालकांसोबत मजुरीस, नागपूर’ असे लिहिले. बाबूंनी हरकत घेतली, वरच्या तपासणीत चालणार नाही म्हणाले. मग दोन्ही लिहिले, आणि गावाच्या रकान्यात सौंसरच्या पुढे कंस करून तामियाकडच्या त्या मूळ गावाचे नाव घातले, आजोबाला विचारून, त्याने उच्चारले तसे.